माझा पाचवा पडदा मुका आहे

मित्रांनो, मी जुनी आहे, जाड आहे आणि मला चारच तारा आहेत. तेव्हा तुम्ही मला साधी गिटार समजलात आणि "उरलेल्या दोन तारा कुठे गेल्या?" असे विचारलेत, तर मी रागावणार नाही. पस्तीस वर्षे हेच ऐकते आहे. मी बेस गिटार आहे. माझ्या तारा हरवलेल्या नाहीत. मुळात दिलेल्याच नाहीत.

माझे काम पानातल्या भातासारखे असते. जेवणारे रश्श्याचे कौतुक करतात. भात कच्चा राहिला, की मात्र सगळ्यांना एकदम भात आठवतो.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. मान एका झाडाची, पोट दुसऱ्या झाडाचे. दोघांची ओळख सरसाने करून दिली. ती ओळख पुढे टिकली, पण एका जागी दोघांचे पटले नाही. मानेवरच्या आडव्या पट्ट्यांना पडदे म्हणतात. माझ्या सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या पडद्यावर बोट ठेवून तार छेडली, की सूर निघतो आणि लगेच मरतो. ठुक्. आजूबाजूचे पडदे छान गातात, हा एकच मुका. यात कारागिराचा दोष नाही. लाकडाचा स्वभाव असतो, तो कोणी विचारून घेत नाही.

तिथून मी शिलाँगला आले, जाइआवच्या चढावर. इथे घरोघरी गिटार असते. ज्या घरात स्वतःची नसते, तिथे शेजाऱ्याची असते. आमच्या गल्लीतल्या तीन मित्रांनी बँड काढायचे ठरवले, तेव्हा तिघांनाही गिटारच वाजवायची होती. बाह मॉर्निंगस्टार (बाह म्हणजे आमच्याकडे दादा) सगळ्यांत आधी आला, म्हणून त्याला गिटार मिळाली. क्लेमेंटकडे दोन रिकाम्या बादल्या होत्या, म्हणून त्याच्याकडे ड्रम गेले. फ्रांग सगळ्यांत शेवटी आला. त्याला मी मिळाले.

"उशीर का?" मॉर्निंगस्टारने विचारले.

"चढ होता," फ्रांग म्हणाला.

चढ बाकीच्या दोघांच्या घरापुढेही होता. पण फ्रांगने कारण बदलले नाही. पुढची तीस वर्षे तेच पुरवले.

त्याने माझा मुका पडदा पहिल्याच आठवड्यात ओळखला. तोच सूर माझ्या शेजारच्या तारेवर खूप वर, दहाव्या पडद्यावरही मिळतो. पण तिथपर्यंत हात न्यायचा म्हणजे वेळ लागतो. फ्रांगने एक चाल बांधली होती, बँडची सगळ्यांत लाडकी. तिच्यात नेमका तो सूर यायचा, आणि फ्रांग तिथे दर वेळी अर्धी मात्रा उशिरा पोहोचायचा.

"परत उशीर!" मॉर्निंगस्टार मागे न बघता ओरडायचा.

"चढ होता!"

मंडळी हसायची. पुढे पुढे क्लेमेंट आणि मॉर्निंगस्टार तिथे आपोआप थांबू लागले. खरे कारण फ्रांगने कधीच सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी मला मोडीत काढून दुसरी आणली असती. माझा दोष त्याने स्वतःच्या नावावर तीस वर्षे वाजवला. मला बोलता येत नाही, हे मला तेव्हा सोयीचे वाटायचे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत फ्रांग गेला. सकाळी त्याने चहा ठेवला. चहा उतू गेला, तेव्हा घरात कळले.

फ्रांगने लग्न केले नव्हते. तो धाकट्या बहिणीच्या, दाहुनच्या घरी राहत असे. आमच्याकडे घर धाकट्या मुलीकडे येते, आणि घराबरोबर घरातले सगळे येते: म्हातारे आईवडील, एकटा मामा, भावाचा कुत्रा, भिंतीवर टांगलेली बेस गिटार. प्रत्येकाला शेवटपर्यंत सांभाळायचे आणि नीट निरोप द्यायचा, हे तिचे काम. दाहुनने सात वर्षांत वडिलांना, आईला, मामाला आणि कुत्र्याला निरोप दिला. फ्रांगची पाळी आली तेव्हा तिला रडूच आले नाही. आलेल्यांना तिने चहा दिला, सुपारी दिली. "तो आता देवाच्या घरी सुपारी खातोय," असे, गेलेल्या माणसाबद्दल आमच्याकडे म्हणतात तसे, सगळे म्हणाले, तीही म्हणाली. मोठी बहीण कुजबुजली, "ही दगड झाली आहे." दाहुनने ऐकले आणि तिला आणखी चहा वाढला.

दाहुन एक्कावन्न वर्षांची. कोपऱ्यावर तिचे भात-मटणाचे छोटे दुकान आहे. फ्रांगला जाऊन वर्ष झाले की करायच्या प्रार्थनेला तीन महिने उरले, तेव्हा बाह मॉर्निंगस्टार दुकानात येऊन बसला.

"हेप," तो म्हणाला. धाकटीला आमच्याकडे असेच म्हणतात, ती एक्कावन्नची असली तरी. "वस्तीच्या हॉलमध्ये फ्रांगची चाल वाजवायची आहे. बेस दे. खालच्या वस्तीतला एक जण वाजवेल."

"घरातली वस्तू बाहेर जात नाही, बाह."

"मग वाजवणार कोण? कोंबडी?"

"मी."

मॉर्निंगस्टारने कप खाली ठेवला. "तुला येतं?"

"नाही. तुम्हाला यायला किती दिवस लागले होते?"

"आम्हाला अजून यायचंय," मॉर्निंगस्टार म्हणाला, आणि शिकवणी ठरली.

दुपारची भांडी झाली, की दाहुन मला मांडीवर घेई. तिच्या हाताची हळद माझ्या तारांना लागे. आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प केव्हाच बिघडला होता. त्याच्या खोक्यात कांदे होते. अ‍ॅम्पशिवाय माझा आवाज म्हणजे पांघरुणाखालचा डास. मग तिने एक युक्ती काढली. फ्रांगच्या लाकडी कपाटाला तिने माझा खांदा टेकवला आणि तार छेडली. सगळे कपाट घुमले. आत फ्रांगचे कोट होते, तो गेल्यापासून कोणी हलवले नव्हते. त्यांची बटणे एकमेकांवर हळू किणकिणली. दाहुन थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने दुसरी तार छेडली.

ठेका तिला लगेच जमला. वीस वर्षे आले कापणाऱ्या बाईला एक-दोन-तीन-चार शिकवावे लागत नाही. बोटांचे तसे नाही. पहिल्या आठवड्यात बोटे दुखली. दुसऱ्यात फोड आले. पाचव्यात कातडी जाड झाली आणि काहीच वाटेनासे झाले.

"ही प्रगती," मॉर्निंगस्टार म्हणाला.

"छान," दाहुन म्हणाली. "मला तसंही काही वाटत नव्हतं. बोटंच तेवढी मागे राहिली होती."

सगळी चाल बसली, एक जागा सोडून. पाचवा पडदा. ठुक्.

"दाब, हेप. बोट आहे का उकडलेला बटाटा?"

ठुक्.

"अजून दाब. तारेला वाटू दे की कोणीतरी आलंय!"

ठुक्. तिने बोटाचे नख काळेनिळे होईपर्यंत दाबले. ती एकटी असतानाही दाबत राहिली, शंभर वेळा, दोनशे वेळा. मित्रांनो, मी जड लाकडाची आहे, पण त्या दिवसांत मला माझे वजन पहिल्यांदा जाणवले. दोष माझा होता आणि आणखी एक माणूस तो स्वतःच्या नावावर लावून घेत होता. या वेळी न बोलणे सोयीचे वाटले नाही.

प्रार्थनेला आठ दिवस उरले असताना दाहुनने मला मॉर्निंगस्टारच्या मांडीवर ठेवले.

"खालच्या वस्तीतल्याला बोलवा. घेऊन जा हिला."

"अगं, एका सुरासाठी?"

"माझ्या हातात सगळं मरतं, बाह." तिने हे रडून सांगितले नाही. भात संपला म्हणून सांगावे तसे सांगितले.

मॉर्निंगस्टार चिडला. "काहीतरी बोलू नकोस. इकडे बघ. असा दाबायचा..."

ठुक्.

त्याने माझ्याकडे पाहिले. चौथ्या पडद्यावर वाजवले. सूर लांब गेला. सहाव्यावर, तोही गेला. पाचव्यावर: ठुक्. तीस वर्षे तो माझ्या शेजारी उभा होता, पण गिटारवाले बेसला हात लावत नाहीत. त्यांना ते खालच्या पंगतीत बसल्यासारखे वाटते. मॉर्निंगस्टारचा हात मग हळूच शेजारच्या तारेवर, वर, दहाव्या पडद्यापर्यंत गेला. सूर लागला. अर्धी मात्रा उशिरा.

"लबाड!" तो म्हणाला. "अरे लबाडा! तीस वर्षं शिव्या खाल्ल्यास आणि..." त्याने क्वाइचा डबा उघडला आणि सुपारी तोंडात टाकली.

"म्हणजे बोट मेलं नव्हतं," दाहुन म्हणाली.

"गिटारच मुकी आहे तिथे. दहावा पडदा घे. तू तरी वेळेवर ये."

आठ दिवसांत ती वेळेवर येऊ लागली. फ्रांगपेक्षा तिचा हात चपळ निघाला.

प्रार्थनेच्या दुपारी हॉल भरला. मोठी बहीण पहिल्या रांगेत. अ‍ॅम्प उसना आणला होता, आणि वर्षभरानंतर मला माझा खरा आवाज मिळाला. चाल सुरू झाली. भात चांगला शिजला होता. कोणीही माझ्याकडे पाहत नव्हते. ती जागा जवळ आली. दाहुनचे बोट दहाव्या पडद्याकडे निघाले, थांबले, आणि मुद्दाम पाचव्यावर येऊन बसले.

ठुक्.

आणि ते दोघे म्हातारे सवयीने थांबले. क्लेमेंटची काठी वरच राहिली. कोणाची तरी वाट पाहायची सवय होती, ती त्यांनी पाहिली. हॉलमध्ये कोणीतरी सुपारी कातरत होते, तो आवाजही थांबला. मग दाहुनने हात वर नेला आणि दहाव्या पडद्यावर तो सूर लावला. उशिरा. तो लागला आणि राहिला.

"परत उशीर," मॉर्निंगस्टार मागे न बघता म्हणाला.

"चढ होता, बाह," दाहुन म्हणाली.

ती रडली का, असे तुम्ही विचाराल. नाही. मी नीट लक्ष ठेवले होते. माझ्या पोटावर एक थेंबही पडला नाही. फक्त चाल संपल्यावरही तिचे बोट तारेवरून निघाले नाही, आणि त्या जाड झालेल्या कातडीतून तिची नाडी मला लागत होती.

नंतर गुवाहाटीचा एक कारागीर म्हणाला, माझ्या डोक्याला, म्हणजे मानेच्या टोकाला, थोडे वजन बांधले तर तो पडदा बोलू लागेल. दाहुनने त्याला जेवू घातले आणि नको म्हणून सांगितले.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसा. हळद लवकर निघत नाही. एखादा सूर तुमच्या हातात पुन्हा पुन्हा मरत असेल, तर आपल्या बोटाला शिव्या देण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी वाजवून पाहायला सांगा. मला चुलीजवळ ठेवू नका. भिंतीला टेकवू नका, मान वाकते, कपाटाला टेकवा. कपाट आवरायला हरकत नाही, दाहुननेही परवा आवरले. पण आत एक तरी कोट राहू द्या.