तिच्या गावचं 'जा'

यामिनीच्या फोनमध्ये माझा नंबर 'घर' या नावाने होता. त्यामुळे त्या मंगळवारी दुपारी एका अनोळखी माणसाने मला विचारलं, "हे घर का?" मी केळीच्या बागेत ठिबकची नळी साफ करत होतो. मी म्हणालो, "हां, घर." तो म्हणाला, धडगावच्या घाटात काळीपिवळी जीप उलटली आहे. बाई गेली. कोणीतरी या.

त्याने 'गेली' म्हटलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ती पुढे निघून गेली.

आम्ही सारंगखेड्याचे गुजर. यामिनी डोंगरातली. तिच्या घरचे ऊसतोडीला आमच्याकडे यायचे, तिथे आमचं जमलं. लग्नाला अकरा वर्षं झाली. मूल नाही. आधी दोन्हीकडचे रुसले, मग हळूहळू येणंजाणं सुरू झालं.

आमच्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं. आणि 'जा' तर रागातच म्हणतात, नाहीतर कुत्र्याला. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात यामिनी दळण घेऊन निघाली आणि "जास", म्हणजे जाते, म्हणाली. माझी आई, जसोदाबाई, ओट्यावर होती. ती म्हणाली, "जास ते मढं म्हनस. मानूस येस म्हनस."

"मढं बोलस का, माय?" यामिनीने विचारलं. आई हसली नाही. मी हसलो, म्हणून मलाही ऐकावं लागलं.

तिच्या गावात उलटं. निघणाऱ्याने सरळ 'जाते' म्हणायचं. मागे राहणाऱ्याने डोक्यावर हात ठेवून 'जा' म्हणायचं. म्हणजे तुझी वाट मोकळी आहे, आमचं तुझ्यावर काही ओझं नाही. जाताना 'येते' म्हणणं त्यांना खोटं वाटतं. कधी येणार ते कोणाला माहीत? पण आमच्या घरात ती 'येस' म्हणायला शिकली. अकरा वर्षं म्हणाली.

त्या मंगळवारी नाही म्हणाली. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला आठ दिवस राहायचं होतं. माझी केळीची कापणी तोंडावर आली होती, मी तीन दिवस म्हणत होतो. दारात तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, "जास."

"येस म्हन."

"आठ दिवस लागतील. उगाच कशाला म्हणू?"

मी पिशवीचा दुसरा बंद धरला. म्हटलं, म्हणेपर्यंत सोडत नाही. आधी ती हसत होती. मग हसायची थांबली. शहाद्याहून तिला जी धडगावची एसटी धरायची होती, ती अशाने चुकणार हे मला कळत होतं. तरी मी बंद सोडला नाही. शेवटी पिशवी तिच्या अंगावर ढकलली आणि ओरडलो, "जा!"

ती दोन पावलं गेली, वळली आणि म्हणाली, "म्हटलंस ना शेवटी."

चेष्टेत म्हणाली की दुखावून, मला समजलं नाही. तिचं तोंड उन्हाकडे होतं, डोळे बारीक झाले होते. मी रोज ते तोंड आठवतो. अजून समजलं नाही.

एसटी चुकली म्हणून ती काळीपिवळीत बसली.

अग्नी तिकडेच दिला. तिसऱ्या दिवशी मी तिच्या आईच्या अंगणात बसलो होतो. कमलीबाईने तीन दिवस काही खाल्लं नव्हतं. ऑपरेशनचा काळा चष्मा लावून ती खाटेवर बसून होती. यामिनीचा भाऊ रायसिंग सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तुमच्याकडे माणसाला धड जाऊ पण देत नाहीत. मेली तरी तुमच्या तोंडून 'जा' निघालं नसेल. आता ती कुठे अडकून बसली असेल?"

कमलीबाईने हात वर करून त्याला गप्प केलं. त्यांच्याकडे जावयालाही 'तू' म्हणतात.

"तू सांग," ती मला म्हणाली. "निघताना तिला 'जा' म्हटलंस?"

"म्हटलं."

"खरं?"

"खरं. दारात म्हटलं."

तिने चष्म्याखालून डोळे पुसले. डॉक्टरांनी पुसायचं नाही सांगितलं होतं. रायसिंगला म्हणाली, "ऐकलंस? आमच्यासारखं म्हटलं त्याने." मग म्हणाली, "भाकर आणा." अर्धी तिने खाल्ली, अर्धी माझ्या हातात दिली. रायसिंग उठला आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आला. मी ती भाकर खाल्ली.

खाऊन झाल्यावर तिने विचारलं, "ती तर नेहमी एसटीने येते. काळीपिवळीत कशी बसली?"

"एसटी चुकली."

"कशी?"

"उशीर झाला," मी म्हणालो. तिने पुढे विचारलं नाही.

त्यानंतर मी तीन वेळा तिकडे जाऊन आलो. दर वेळी सांगायचं ठरवून निघतो. तिथे पोहोचलो की ती चुलीजवळ बसवते, आमच्या केळीचं विचारते. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून "जा" म्हणते आणि मी निघतो. मला तो हात सहन होत नाही, आणि तो मिळाला नाही तर काय करू हेही कळत नाही.

पिशवी मी धरून ठेवली होती आणि 'जा' मी कसं म्हटलं होतं, हे कमलीबाईला अजून सांगायचं राहिलं आहे.