दोरीच्या आतली जागा

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे, पण रक्त कधी पाहिलेलं नाही. गोष्ट १९९१ सालची, स्वित्झर्लंडच्या संघातल्या अपेंझेल या आमच्या चिमुकल्या राज्याची. इथे एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चौकात जमून, हात वर करून कायदे ठरतात. मतदारांची जागा दोरीने आखलेली असते; पुरुषाच्या कमरेला तलवार असली की त्याला दोरीच्या आत जागा. माझे मालक बेडाकाका, त्यांच्या मतदानाचा दाखला म्हणजे मी!

काकांच्या पणजोबांसाठी लोहाराने मला घडवलं. घासूनपुसून लख्ख ठेवलं ते मात्र काकांच्या बायकोने, ओटिलियाकाकूंनी. तीस वर्षं त्याच मला नवऱ्याच्या कमरेला बांधायच्या आणि स्वतः दोरीबाहेर उभ्या राहायच्या. नातवंडं शाळेला जायची ती ओढ्यावरच्या डुगडुगत्या फळीवरून. तिथे पूल बांधायचा ठराव चौकात दोनदा पडला होता.

आदल्या वर्षी पुरुषांनी बायकांच्या मताला पुन्हा नकार दिला. काकाही त्यांत होते. म्हणायचे, "राज्य आमचं, घटना आमची!"

मग संघाच्या न्यायालयाने निकाल दिला. मत हात वर करून द्यायचं की कसं, ते राज्याने ठरवावं. पण समानता संघाच्या घटनेत आहे, तिथे राज्याचं चालणार नाही; बायकांनाही मत मिळालंच पाहिजे.

मग एप्रिलचा तो रविवार आला. पहिल्यांदाच मत द्यायचं म्हणून काकू स्वतःच्याच तयारीत होत्या. काका फुरंगटून पुढे निघाले आणि मी खुंटीवरच राहिले! काकूंनी मला शालीखाली घेतलं.

दोरीपाशी पहारेकरी रेमिगियसने काकांना अडवलं होतं.

"तलवार कुठाय, काका?"

"अरे, बापालासुद्धा ओळखतोस ना माझ्या?"

"आजोबांनाही ओळखतो. पण तलवारीचा नियम आपल्याच राज्याचा, संघाचा नाही!"

लोक खो खो हसले. तेवढ्यात काकू पोचल्या. त्यांच्या हातात बायकांना तलवारीऐवजी मिळालेलं मतदानाचं नवंकोरं कार्ड होतं.

"अहो, बाहेरून कसं दिसतं?"

"सगळं फार लांब दिसतं गं," काका पुटपुटले.

काकूंनी मला त्यांच्या कमरेला बांधलं. "चला आत. पण पुलाला हात वर करायचा!"

दोन हात शेजारी शेजारी वर गेले. पूल मंजूर झाला.

रेमिगियस पुढे पंच झाला. काका आठ वर्षांनी गेले; शेवटपर्यंत मला स्वतः घासत. काकू नव्वदीपर्यंत दोरीच्या आत उभ्या राहिल्या. आता त्यांची नात त्याच पुलावरून मतदानाला जाते, आणि निघण्याआधी माझ्यावरून फडकं फिरवते. मुलांनो, तुमच्या घरातही असं काही खुंटीला टांगलेलं असेल. ते कुणाच्या हातांनी लख्ख राहिलं, एकदा विचारा. आणि त्या हातांना आत जागा द्या.