टाकीच्या खोलीत जायचं नाही

पहिला ग्लास भरलेलाच परत आला. निकितानं तो मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला. एखाद्याला नाही आवडत, होतं. दुसराही तसाच आला, वरचा एक घोट काय तो गेलेला. मग वाढप्यानं ट्रे आणून ठेवला तर त्यात एकदम चार. चारही गळ्यापर्यंत भरलेले, फेस मेलेला.

तिनं एक उचलून नाकाशी नेला.

सिरका. चक्क व्हिनेगर.

तीन आठवडे गेले होते त्या बिअरवर. शाळू ज्वारी निवडली तिनं, भिजवली तिनं, ओल्या गोणपाटावर मोड आणले तिनं. गच्चीवर वाळवून मोडाची मुळं हातानं चोळून काढली, तळहात सोलून निघाले तेही तिचेच. गुरुवारी सकाळी तिनं टाकीतून घोटभर चाखली होती. इतकी नितळ उतरली होती की ती एकटीच हसली होती खोलीत. रविवारी नळ उघडायचा, बास.

गुरुवारी दुपारी तिला कावळा शिवला. पाच दिवस आधीच. आणि टाकीची खोली तिला बंद झाली.

नळदुर्गच्या अलीकडे, हायवेला लागून त्यांची 'मालदांडी' ब्रुअरी आहे. आधी तिथं सासऱ्यांचा, बलभीमरावांचा ढाबा होता. आता काचेमागे स्टीलच्या टाक्या, पिवळे दिवे, आणि किल्ला बघून भुकेल्या पोटी येणाऱ्या सोलापूर-पुण्याच्या गाड्या. मेनूही तसाच. उस्मानाबादी बोकडाची कुरकुरीत तळलेली वजडी. धपाट्याची गुंडाळी, आत खरडा आणि पनीर. कडक भाकरीच्या तुकड्यावर शेंगाचटणी, त्यावर घट्ट दह्याचा गोळा. मेनूच्या मागच्या पानावर फोटो, बलभीमराव आणि त्यांचा मुलगा रणधीर, खाली मोठ्या अक्षरात 'बाप-लेकाची बिअर'.

बाप जन्मात प्यायला नाही. लेकाला यीस्ट कुठलं आणि बेसन कुठलं हे डब्यावर वाचावं लागतं. बिअर करायची ती निकिता, रणधीरची बायको. बेंबळीची पोरगी, धाराशिवच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, पुण्यात एका ब्रुअरीत आठ महिने राबलेली. ढाब्याची ब्रुअरी करू हेसुद्धा तिनंच सुचवलेलं. फोटो काढायच्या दिवशी मात्र तिला कोणी हाक मारली नाही. घरची सून दारूच्या कागदावर कशी दिसायची?

आणि हा चार दिवसांचा नियम सासूबाईंचा. धुरपदाबाईंचं लोणचं पंचक्रोशीत नावाजलेलं. लोणच्याच्या बरणीला जो नियम, तोच टाकीला. आंबणाऱ्या वस्तूला चार दिवसांतली बाई चालत नाही. ग्लास विसळायला चालते. फरशी पुसायला, बुकिंगचे फोन घ्यायला, संडास धुवायला चालते. फक्त तिनं स्वतः केलेल्या बिअरजवळ चालत नाही.

पहिल्या वर्षी तिनं भांडून बघितलं. मग भांडणं सोडून युक्ती काढली. टाकीच्या तारखा आणि स्वतःच्या तारखा एकाच कॅलेंडरवर मांडायची आणि टाकीचे नाजूक दिवस आपल्या पाळीत येणार नाहीत असं बघून बिअर चढवायची. दीड वर्ष कुणाला कळलंही नाही. या वेळी अंगानंच दगा दिला.

"अहो, इकडं या."

रणधीर हातात वजडीच्या प्लेटा घेऊन चालला होता. "गर्दी हाय निकी. मागनं बोलू."

"चिलर चालू हाय का?"

"हाय की."

"जाऊन तापमानाच्या काट्याचा आकडा बघून या. मी हितंच उभी हाय."

तो गेला नाही. प्लेटा ओट्यावर ठेवल्या, मान खाजवली. निकिताला तिथंच कळलं, टाकी गार ठेवणारं ते यंत्र बंद असणार.

"शुक्रवारी लाइट गेली व्हती," तो म्हणाला. "आली पुन्ना."

"लाइट येते. चिलर आपोआप येत न्हाय, बटण दाबावं लागतंय. दारावर कागद चिकटवलाय मी. मोठ्या अक्षरात."

"ध्यानात न्हाय राहिलं."

"मग मी सकाळ-संध्याकाळ विचारत हुते तवा 'दोन हाय, दोनच हाय' हे कुठं बघून सांगत हुता?"

"तू उगं टेन्शन घेतीस म्हणून म्हणलं..."

"अन् वरचं झाकण?"

"त्याचं काय?"

"चिलटं आत गेल्याबिगर असा वास मारत न्हाय."

रणधीर मोरीकडं बघत राहिला. "रील काढायची व्हती. जरासं उघडलं, लावलं की लगेच."

"आवळलं?"

यावर तो प्लेटा उचलून चालता झाला. गार होत होत्या म्हणे.

निकिता त्याच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि थांबली. दाराजवळच्याच टेबलावर सोलापूरचे मल्लिनाथअण्णा बसले होते, सुताचे व्यापारी. सोबत बायको लक्ष्मम्मा. दर पंधरा दिवसाला हे जोडपं येणार, अण्णा दोन ग्लास शाळूची बिअर घेणार, लक्ष्मम्मा लिंबू सोडा आणि धपाटं. आज अण्णांनी ग्लास पालथ्या हातानं दूर सरकवला होता.

"ही नवी स्टाईल हाय अण्णा," रणधीर सांगत होता. "आंबट बिअर. फॉरेनात लई चालती."

"फॉरेनात चालू दे रे," अण्णा म्हणाले. "मी दीड वर्ष तुमची बिअर पितोय. आंबट कशाला म्हणायचं न् नासकं कशाला, एवढं कळतंय मला. हे नासलंय. लोकांना वाढू नको."

गल्ल्यावरून बलभीमराव हसले. ते गिऱ्हाइकासाठी ठेवणीतलं हसू. "उन्हाळा हाय अण्णा. उन्हाळ्यात थोडं इकडंतिकडं व्हतंयच की."

तेवढ्यात लोणच्याच्या बरण्यांपाशी बसलेल्या धुरपदाबाई खुर्ची ओढत लक्ष्मम्माजवळ सरकल्या. आवाज बारीक केला. पण ज्यांचा आवाज जन्मभर ढाब्यावर चढलेला, त्यांचा बारीक तो किती बारीक होणार?

"तुमाला म्हणून सांगते अक्का. घरात अडचण हाय. सून शिकल्याली, आइकतीय कुटं? गेली आसंल टाकीकडं, पडली आसंल सावली. नासंल न्हाय तर काय व्हईल?"

लक्ष्मम्मानं धपाट्याचा तुकडा ताटात ठेवला. "आमच्या लिंगायतांत नाही बाई असलं काही. गळ्यात लिंग असतंय आमच्या. चार दिवस ते काय काढून ठेवतो होय आम्ही?"

"तसं न्हाय वो..." धुरपदाबाई म्हणाल्या.

निकिताच्या डोक्यात जाळ झाला. चार दिवस ती खिडकीच्या बाहेर उभी राहून आकडे विचारत होती. भिकाऱ्यासारखी. स्वतःच्या टाकीचे आकडे. उंबऱ्याला पायाचं बोट लावलं नव्हतं तिनं. आणि खापर फुटलं ते तिच्याच अंगावर.

ती तशीच बाहेर आली. हात ओले, पुढं बांधलेलं प्लास्टिकचं एप्रन ठिबकतंय.

"आत्या, मोठ्यानं बोला की. अण्णांना ऐकू आलं न्हाय."

धुरपदाबाईंनी खुर्ची मागं सरकवली. निकिता अण्णांकडं वळली, पण आवाज सगळ्या टेबलांना पुरेल इतका होता.

"अण्णा, ही बिअर मी करते. पहिल्यापासनं मीच करते. मला पाळी आली म्हणून चार दिवस टाकीच्या खोलीत जाऊ दिलं न्हाय. चिलर ह्यांच्याकडं हुतं, ते दोन दिवस बंद हाय. झाकण ह्यांनी उघडलं. मी गेले म्हणून न्हाय नासली. मला जाऊ दिलं न्हाय म्हणून नासली. कुणी पिऊ नका."

खिडकीजवळची पुण्याची पोरं एकदम मोबाइलमध्ये घुसली.

"निकिता!" बलभीमराव गल्ल्यामागून उठले. "आत जा. बाप्यामाणसं बसल्यात हितं. लाजशरम हाय का न्हाय?"

"मामा, लोकांना सिरका पाजताय त्याची लाज न्हाय वाटली. माझ्या पाळीची वाटली?"

"घर बुडवाय निघालीस व्हय गं?"

"टाकी बुडाली. घराचं तुमचं तुमी बघा."

रणधीरनं तिचा दंड धरला. "चल. घरात चल. तमाशा नको."

"सोडा," निकिता म्हणाली. "विटाळ व्हईल."

त्यानं खरंच सोडला. चटका बसल्यासारखा. ते बघून तिला हसू आलं, आणि मग इतका संताप आला की डोळ्यांपुढं काही दिसेना. ती सरळ काचेच्या खोलीकडं चालू लागली. धुरपदाबाई एक पाय किंचित ओढत चालतात, तरी वयाच्या मानानं फार चपळ. त्या आधीच उंबऱ्यावर.

"हितं पाय टाकलास तर बघ."

"टाकला तर काय? आजून नासंल?"

धुरपदाबाई बाजूला झाल्या, पदर अंगाशी आवळून, लागू नये म्हणून.

आत दोनावर हवा तो काटा चौतिसावर होता. झाकण बोटभर उघडं, कडेला चिलटांचा काळा थर. निकितानं काही वेळ टाकीच्या पोटाला हात लावून ठेवला. तापलेल्या लेकराच्या कपाळासारखं ते पत्र्याचं पोट. मग वाकून तिनं खालचा व्हॉल्व्ह पूर्ण फिरवला.

पाचशे लिटर. फरशीवरून पिवळा लोट गटारीच्या जाळीकडं धावला. काचेबाहेर बलभीमराव ओरडत होते, ओठ हलताना दिसत होते. त्यांच्यामागं गिऱ्हाइकं घास हातात धरून बघत होती. बघू देत. इतके दिवस काचेतून बाप-लेकाची बिअर बघितली त्यांनी.

तिला माहीत होतं पुढं काय. संध्याकाळी बेंबळीला फोन जाणार. वडील येणार, टोपी काढून बसणार, पोरगी चुकली म्हणणार. तिला दोन महिने माहेरी ठेवायचं ठरेल किंवा ठरणार नाही. रणधीर कुणाच्याच बाजूनं बोलणार नाही. हे सगळं व्हायचं होतं, आणि नासलेली टाकी तशीच ठेवली तर पुढची बिअरही नासणार होती. टाकीला कुणाचं भांडण कळत नाही.

लोट बारीक झाला, मग थेंब थेंब. तिनं पंखा लावून टाकीतली कोंडलेली हवा जाऊ दिली, गरम पाण्याची नळी सोडली आणि बाजूच्या, माणूस वाकेल एवढ्या तोंडातून कमरेपर्यंत आत वाकली. आत अंधार, वाफ, आणि तो वास. भिंतीला चिकट थर धरला होता. नखानं निघेना.

"ब्रश द्या कुणीतरी," ती आतूनच म्हणाली. आवाज टाकीत घुमला. "लांब दांड्याचा. दाराच्या मागं हाय."

मग चपला वाजल्या. ओळखीची चाल, एक पाय किंचित ओढणारी. दार करकरलं. चपला जवळ आल्या आणि हातभर अंतरावर थांबल्या. लाकडी दांडा फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. मग पायानं ढकलल्यावर ब्रश घरंगळत तिच्या टाचेला येऊन लागला.

निकितानं मागं वळून बघितलं नाही. एक हात टाकीबाहेर काढून मागं पसरला.

"खाली नको, आत्या. हातात द्या."

नळीचं पाणी वाहत होतं. चपला तिथंच होत्या, मागं गेल्या नव्हत्या आणि पुढंही आल्या नव्हत्या. निकिताचा खांदा अवघडला, बोटांवरून पाणी ठिबकत राहिलं. हात तिनं आत घेतला नाही.