एप्रिलमध्ये न उघडलेलं झाकण

"अगं, हात नको लावूस, काळी होशील," मेकॅनिक ऑर्व्हल म्हणाला, पण इर्माने बोट लावलंच. तिच्या गाडीच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट तेल पिऊन लिबलिबीत झाला होता आणि मधोमध तुटला होता.

"नवा नाही का घालता येत?"

"बेल्ट येईल गं. पण तो तुटला तेव्हा आतले व्हॉल्व्ह वाकले. इंजिन गेलं. असलं जुनं दुसरं आता शोधूनही मिळायचं नाही."

सोमवार, बुधवार, शनिवार इर्मा नवऱ्याला, क्लिफर्डला, याच गाडीतून सत्तर मैलांवर डायलिसिसला न्यायची. तीन वर्षं एकदाही चुकवलं नव्हतं. काल परतताना गाडी रस्त्यातच मेली.

एप्रिलमध्ये तेल ठिबकायला लागलं तेव्हा तिने ऑर्व्हलला विचारलंही होतं, "बेल्टवर तर जात नाही ना रे?" गळती पुढच्या सीलमधून होती, म्हणजे थेट बेल्टच्याच अंगावर. बेल्टवरचं झाकण काढून बघायला दहा मिनिटं पुरली असती. चाळीस वर्षं गाड्या उघडणाऱ्या माणसाला हे काय सांगायला हवं? पण अमेरिकेतल्या डाकोटाच्या त्या गावात सगळ्यांचा एकच धर्म: चालतंय ना, मग उघडू नका! प्रत्येकाच्या डिकीत तेलाचा डबा, गळालं की ओता. ऑर्व्हलही त्याच मातीचा. शिवाय वाटलं, उघडलं की काम निघेल, बाई आधीच पिचलीय. "ओतत राहा वरून," म्हणाला. कणव आली आणि अक्कल गेली.

"इर्मा, मी तेव्हाच बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

"माहितीये," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"शनिवारी माझ्या पिकअपमधून नेतो. सोमवारीही. म्हणशील तितके दिवस."

"क्लिफर्ड बसणार नाही रे. महिनाभर म्हणतोय, बास झाल्या त्या सुया. मीच अट घातली होती, दारातली गाडी चालतेय तोवर डायलिसिसला उठायचं. काल गाडी ओढायला आलेल्या टो-ट्रकमध्ये बसला आणि हसला. म्हणाला, सुटलो बाई एकदाचा."

"आणि डायलिसिस थांबवलं तर?"

"दहा दिवस. फार तर पंधरा, डॉक्टर म्हणाले."

मागच्या सीटवरची उशी आणि घोंगडी घेऊन ती चालतच घरी गेली. सोडतो म्हटलं तर नको म्हणाली.

शनिवारी पहाटे साडेपाचला ऑर्व्हलने पिकअप तिच्या दारात लावली. हीटर लावून ठेवला होता, शेजारची सीट झाडून घेतली होती. मनात म्हणत होता, म्हातारा हट्टी आहे, पण दारात गाडी बघितली की येईल. किती भाबडा माणूस!

इर्मा सपाता घालून बाहेर आली. तिने कॉफीचा मग खिडकीतून आत दिला.

"पी आणि घरी जा. झोपलाय तो. तीन वर्षांत पहिल्यांदा शनिवारी असा गाढ झोपलाय, मला उठववत नाही."

ती आत गेली. ऑर्व्हलने कॉफी संपवली, कडू होती. रिकामा मग परत द्यायला उतरला तर दार लागलेलं होतं, आणि ठोठावायचा त्याला धीर झाला नाही. त्याने तो कठड्यावर ठेवला, पिकअप बंद करून न्यूट्रलमध्ये टाकली आणि आवाज होऊ नये म्हणून कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली.