वापरलेला वाघ

थोरलीने पार्सल फोडलं आणि आधी नाक मुरडलं. मग आतला वाघ ओढून बाहेर काढला, खिडकीच्या उजेडात नेला आणि उलटापालटा करून बघितला.

"धाकटे, इकडे ये गं. आपला वाघ बघ कुठली जत्रा करून आलाय."

दोघी जावा. घराच्या पुढच्या खोलीत मुलांच्या नाटकांचे पोशाख शिवायच्या आणि एका ऑनलाइन बाजारात विकायच्या. ससा, झाड, चंद्र, पोस्टमन, काय हवं ते. थोरली बेतायची, कापायची, शिवायची. धाकटी फोटो काढायची, पार्सलं बांधायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायची, कारण थोरलीच्या जिभेला हाड नाही यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. वाघ मात्र थोरलीचा जीव की प्राण. छापील कापड तिला चालायचं नाही. काळे पट्टे ती एकेक कापून शिवायची. "वाघ म्हणजे काय पायजमा आहे?" असं विचारायची.

त्या वाघाची आता दशा झाली होती. काखेत उसवला होता, गुडघ्यांवरची लव घासून गेली होती, गळ्याला तोंडाचा नारिंगी रंग माखला होता. शेपटीच्या टोकाला केकचं क्रीम वाळून कडक झालं होतं, त्यात एक हिरवी साखरगोळी अजून चिकटलेली. घामाचा वास तर खोलीभर पसरला. परत पाठवण्याचं कारण म्हणून गिऱ्हाइकाने लिहिलं होतं: माल सदोष.

"नाटक झालं, केक झाला, आता वाघ नको," थोरली म्हणाली. "फुकटात हौस भागवली बाईने."

धाकटी मोबाइलकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"ताई, तुम्ही आधी बसा."

"बसायला काय झालंय मला? वाच."

धाकटीने वाचलं. एक तारा. 'वापरलेला माल नवा म्हणून पाठवला. घाणेरडा वास. शिलाई उसवलेली. लहान मुलांच्या आरोग्याशी खेळ चालवलाय. कोणीही घेऊ नका.'

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बाई रोज सकाळी मशिनला हात लावण्याआधी फरशी पुसणारी, कापडावर बोटांचा डाग नको म्हणून तिखटामिठाला शिवली की साबणाने हात धुणारी. तिला घाणेरडं म्हणावं?

"चोराच्या उलट्या बोंबा! घाण तिची आणि वास आमचा?"

तिचा नवरा वायरमन होता. तो चहासाठी आला आणि सगळं ऐकून म्हणाला, "एका बाईच्या बोलण्याने काय होतंय? सोडून दे."

"तुमच्या वायरिंगमुळे घरं जळतात असं कोणी चारचौघांत लिहिलं, तर सोडून द्याल?"

त्याने कप उचलला आणि मागच्या खोलीत निघून गेला.

होत कसं नाही? व्हायचं ते झालंच. बाजाराच्या पानावर वाघ घसरत घसरत पार तळाला गेला. एका आईने विचारलं, "तुमचे कपडे खरंच वापरलेले असतात का हो?" एका शाळेने सशांची अख्खी ऑर्डर रद्द केली, कारणसुद्धा दिलं नाही. थोरलीला त्या सशांचं दुःख नव्हतं, ससे काय, कुठेही खपले असते. पण कुठल्या तरी शाळेत चार बायका बसून आपल्याबद्दल 'नको बाई तिथलं' म्हणाल्या असतील, हे तिच्या डोक्यातून जाईना. कापताना कात्री वाकडी जायला लागली.

धाकटीने बाजाराकडे तक्रार केली. क्रीमचे, गळ्याच्या रंगाचे फोटो जोडले. उत्तर आलं, 'आपल्या भावना आम्ही समजतो. सदर अभिप्राय आमच्या नियमांचा भंग करत नाही.' पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी कसाबसा एक फोन नंबर मिळाला, तेव्हा थोरलीने फोन धाकटीच्या हातातून काढूनच घेतला.

पलीकडचा माणूस गोड बोलत होता. "मॅडम, अभिप्राय म्हणजे ग्राहकाचा अनुभव असतो. तो आम्ही बदलू शकत नाही."

"आणि माझा अनुभव? तो कुठे लिहायचा?"

"आपण अभिप्रायाखाली उत्तर देऊ शकता, मॅडम."

"दादा, तुम्ही फोटो बघितलेत का? शेपटीला केक आहे. आम्ही काय केक लावून वाघ पाठवतो?"

तो उगाच खोकला. बहुधा हसू दाबत असावा. मग म्हणाला, "माझ्या हातात असतं तर काढलं असतं. नाहीये." आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी धाकटी धावतच आली. तिने त्या बाईच्या गावातल्या शाळांची पानं शोधून काढली होती. एका फोटोत रंगमंचाच्या मधोमध वाघ उभा होता. त्यांचाच वाघ! डाव्या खांद्यावरचा पट्टा कापड कमी पडलं म्हणून थोरलीने दोन तुकडे जोडून केला होता, तो जोड स्पष्ट दिसत होता. वाघाच्या हातात बक्षिसाचा कप, आणि टोपीखालून सात-आठ वर्षांचं पोरगं दात पडलेल्या तोंडाने हसत होतं.

थोरली बघतच राहिली. कान कसे ताठ उभे होते. शेपूट जशी मनात होती तशीच वळली होती. इतका देखणा दिसत होता, म्हणूनच तिला जास्त लागलं.

"सापडली!" धाकटी म्हणाली. "टाका हा फोटो उत्तरात. बघू दे सगळ्या जगाला."

थोरलीचा अंगठा पडद्यापर्यंत गेला. मग तिने मोबाइल पालथा ठेवला.

"नको."

"ताई! पुरावा हातात आहे आणि नको?"

"पोराचं तोंड दिसतंय त्यात. उद्या वर्गात त्याला कोणी चोर म्हणेल. त्याने काय घोडं मारलंय आपलं?"

"त्याच्या आईने विचार केला का आपला?"

"नाही केला. म्हणूनच चिडलेय ना मी!"

मग थोरलीने उत्तर सांगायला सुरुवात केली. धाकटीने चार वाक्यं लिहून घेतली आणि बोट थांबवलं. "हे टाकलं तर ताई, बाजारातून आपल्यालाच हाकलतील." 'निर्लज्ज' गेलं, 'तुमचे संस्कार' गेले, एक शाप होता तोही गेला. उरलं ते असं: 'वाघ आमच्याकडून नवा गेला होता. परत आला तेव्हा गुडघे घासलेले होते, गळ्याला रंग आणि शेपटीला केक होता. नाटक छान झालं असेल अशी आशा. आम्ही वापरलेला माल विकत नाही.'

थोरलीने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "फारच सभ्य झालंय." पण पाठवू दिलं.

काही दिवसांनी अभिप्राय बदलला. 'वापरलेला' शब्द नाहीसा झाला. एकाचे दोन तारे झाले. खाली एवढंच, 'कापड ठीक.' ना खेद, ना खंत. "भीक घालतेय का?" थोरली कडाडली. तरी विचारणा पुन्हा सुरू झाली. एका बापाने तर लिहिलं की, केकचं वाचून घरात हसून पुरेवाट झाली, आम्हालाही वाघ द्या. थोरलीने आता प्रत्येक पोशाखाच्या छातीवर लाल पट्टी टाचायला सुरुवात केली. 'ही पट्टी कापली, तर माल परत घेतला जाणार नाही.' ती काढल्याशिवाय कोणाला रंगमंचावर जाताच येणार नव्हतं. प्रामाणिक गिऱ्हाइकांच्याही तोंडावर हे छापावं लागतंय, याचा मात्र तिला प्रत्येक टाक्यागणिक राग यायचा.

पुढच्या नाटकांच्या हंगामात त्याच बाईची ऑर्डर आली. चंद्र हवा होता.

"पाठवायचा?" धाकटीने विचारलं. "लाल पट्टी आहेच आता."

"रद्द कर."

"विक्रेत्याने रद्द केली, तर आपल्या खात्यावर ठपका बसतो, ताई."

"बसू दे. तो तरी खरा असेल. मी रद्द केली, माझं नाव लागलं. त्यात खोटं काही नाही."

धाकटीने रद्द केली. ठपका बसला आणि दोन महिने दुकानाच्या नावापुढे दिसत राहिला. कोणी त्याबद्दल विचारलं, तर थोरलीने तो लपवला नाही.