टँकरच्या यादीची परीक्षा

मित्रांनो, मी मुकुंदवाडीतला एक जुना संगणक आहे. वाळूजच्या एका कारखान्यात सहा वर्षं राबलो. मग फार हळू चालतो म्हणून मला भंगारात काढलं. तिथून सत्यशीलाताईंनी मला घरी आणलं. माझ्यातलं विंडोज काढून त्यांनी लिनक्स ही हलकी प्रणाली घातली आणि काय सांगू, मी पुन्हा पळू लागलो!

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहराच्या कडेला रोज नव्या इमारती उठत होत्या आणि ताईंच्या माहेरी, सिल्लोडकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर, विहिरी कोरड्या पडल्या होत्या. गावकऱ्यांनी टँकर सुरू केले. कोणत्या वस्तीची पाळी कधी, हे गावातले कडुबामामा वहीत लिहीत. खाडाखोडीत ताईंच्या आईची, बानाबाईंची, वस्ती दोनदा राहून गेली. मेंढरं तहानेनं बसून राहिली.

म्हणून ताईंनी पायथॉन भाषेत पाळ्यांचा प्रोग्राम लिहिला. माझ्यावर तो झकास चालला. पण मामांच्या संगणकावर होतं विंडोज! आणि सोमवारपासून यादी तिथूनच निघणार होती.

तिथं तो चालेल का, हे तपासायला विंडोजचा दुसरा संगणक घरात नव्हता. तेव्हा ताईंनी माझ्यात ‘वाईन’ बसवलं. त्यामुळे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवरही चालवून बघता येतात. लेकीकडे आलेल्या बानाबाई ते नाव ऐकून जरा दचकल्याच.

रविवारी सकाळी ताईंनी विंडोजसाठी तयार केलेला प्रोग्राम सुरू केला. तो उघडला! माझा पंखा आनंदानं गरगरू लागला. पण वस्त्यांची यादी उघडताच प्रोग्राम पटकन बंद पडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

“मह्या वस्तीचं नाव काढलं की मरतंय व्हय हे?” बानाबाईंनी विचारलं.

ताई थबकल्या. त्यांनी तीच नावं इंग्रजी अक्षरांत लिहून दिली. प्रोग्राम सुरळीत चालला.

“माय, तुहं बरोबर हाये. याला मराठीच वाचता येत नाय.”

लिनक्सवर मराठी अक्षरं आपोआप वाचली जात होती. विंडोजच्या रीतीत मात्र ती कशी वाचायची, हे प्रोग्रामला स्पष्ट सांगावं लागत होतं. ताईंनी तेवढी एक ओळ सुधारली. आणि एकेक वस्ती माझ्या पडद्यावर मराठीत उमटली! बानाबाईंनी बोट ठेवून आपल्या वस्तीचं नाव अक्षर अक्षर लावत वाचलं.

सोमवारी दुपारी कडुबामामांचा फोन आला. प्रोग्राम पहिल्याच खेपेला चालला होता.

“टँकर पोचला वस्तीवर,” ते म्हणाले. “मेंढरं पाण्यातून तोंडच काढंनात.”

मित्रांनो, आपली वस्तू ज्याच्या हाती जाणार, त्याच्या घरी ती चालेल का, हे आधी पाहून घ्या. आणि आमच्यासारख्यांची धूळ अधूनमधून पुसत जा. आम्हाला कामाची लई हौस असते.