शेऱ्याचा रकाना

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पुन्हा नुसती ढेकळंच दिसली. संशोधन करणारी मुलगी बघत राहिली, आणि मागे उभ्या असलेल्या भट्टीकाकांनी तोंड फिरवलं. ही सातवी खेप होती.

प्रयोगशाळेतल्या भट्ट्या सांभाळण्यात काकांची एकतीस वर्षं गेली होती. निकेल आणि कोबाल्टचे क्षार पाण्यात विरघळवायचे, पोलादी डब्यात घट्ट बंद करायचे आणि डबा अठरा तास भट्टीत ठेवायचा. मग आत केसाहून हजारपट बारीक सुयांची भुकटी तयार व्हावी, अशी आशा. त्या भुकटीत वीज साठते. वर्षापूर्वी या मुलीच्या एका डब्यातून अशा काही सुया निघाल्या, की तिच्या मार्गदर्शक सरांनी सगळा मजला गोळा करून दाखवल्या होत्या. त्यानंतर एकदाही जमलं नाही. आता आकडे हिने मनानेच लिहिले असणार, असं सर चारचौघांत बोलले होते. सोमवारपर्यंत जमव, नाहीतर प्रबंध विसर, असंही बजावलं होतं. पोरीचं जेवणावरून मन उडालं होतं.

काकांना मात्र सगळं ठाऊक होतं. वर्षापूर्वीच्या त्या मंगळवारी दुपारी बारा वाजता भट्टी बंद करायची होती. साडेअकराला दवाखान्यातून फोन आला, बायकोचं काही खरं नाही. काका होते तसे धावले. मुलगी सुट्टीवर, आणि मागच्या खोलीत एरवीही कुणी फिरकत नसे. दोन दिवस ते बायकोचा हात धरून बसले. गुरुवारी सकाळी ती गेली. सगळं उरकून घराच्या कुलपाला किल्ली लावताना त्यांना भट्टी आठवली. तसेच उलट्या पावली आले आणि संध्याकाळी सहाला ती बंद केली. नोंदवहीत मात्र लिहिलं, 'मंगळवार, दुपारी बारा.' तापलेली भट्टी सोडून गेला म्हणून शेजारच्या विभागातल्या एकाला घरी बसवलं होतं ना! एकतीस वर्षांत ही एकच खोटी नोंद. आता निवृत्तीला वीस दिवस उरलेले, कशाला नसती ब्याद, म्हणून सात खेपा ते मूग गिळून बसले होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

मुलगी डबा धुवायला लागली.

"ठेव तो," काका म्हणाले. "चूक तुझी नाही, पोरी. गेल्या वर्षी भट्टी मी वेळेवर बंदच केली नव्हती."

त्यांनी सगळं सांगितलं.

"काका, सरांना कळलं तर तुमची चौकशी लागेल."

"लागू दे की. माझ्यापायी तू खोटी ठरतेयस, त्याचं काय?"

आठवी खेप तेव्हासारखीच बहात्तर तास ठेवली. रविवारी पडद्यावर सुयाच सुया उतरल्या. काकांनी सरांना बोलावून सगळं कबूल केलं. सरांनी त्या निरखून पाहिल्या, मुलीला प्रबंध पुरा करायला सांगितलं, आणि काकांपुढे नोंदवही सरकवली. चौकशी उद्यापासून, पण आधी नोंद दुरुस्त करा, कारणासकट, असं म्हणाले.

काकांनी जुनी ओळ खोडली. 'गुरुवार, संध्याकाळी सहा' असं लिहून सही केली. शेऱ्याच्या रकान्याशी मात्र पेन थांबलं. रकाना बोटभर रुंदीचा होता. त्यात बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'बायकोजवळ होतो.'